स्वयंसिद्ध या शब्दाचा दाखला

४ जानेवारी

बारके,

‘प्रिय’ लिहायचं की नाही याचा विचार करता करता चहा गार झाला, म्हणून सरळ हाकेनेच सुरुवात करते. पाकिटावर माझं अक्षर बघून आप्पांचं काही झालं की काय असं वाटलं असेल, तर आधी सांगते, आप्पा ठणठणीत आहेत. सकाळी दोन अंडी खाल्ली, मी पेपर वाचून दाखवला तेव्हा यच्चयावत खेळाडूंवर तोंडसुख घेतलं, आणि आता गॅलरीत बसलेत समोरच्या भिंतीकडे तोंड करून. डोळ्यांचं इंजेक्शन गेल्या आठवड्यात झालं. आहे तेवढं दिसतंय, त्याहून जास्त दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू ‘बोल’ म्हणाली असतीस, मी ‘काही नाही, सहज’ म्हटलं असतं, आप्पांचा रक्तदाब सांगितला असता आणि ठेवून दिला असता. आई गेल्यापासून तीन वर्षं आपलं एवढंच चाललंय. तू शहराच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये दोन बसगाड्या, आणि बोलणं काय तर रक्तदाब. शिवाय मला काम आहे, आणि कामाचं मला लिहूनच सुचतं.

मला एक वाक्य हवंय. हसू नकोस.

शब्दकोशाच्या शेवटून दुसऱ्या खंडात आम्ही ‘स्व’वर आलोय आणि ‘स्वयंसिद्ध’ हा शब्द माझ्या वाट्याला आलाय. अर्थ सोपा आहे. जे खरं आहे हे दाखवायला पुरावा लागत नाही, ते. भूमितीच्या पुस्तकात पहिल्या पानावर असायचं बघ, ज्याच्याबद्दल मास्तर ‘हे धरून चला’ म्हणायचे आणि तू ‘का धरायचं?’ म्हणून वर्गाबाहेर उभी राहायचीस. अर्थ लिहून झाला. अडलंय ते दाखल्यापाशी. आमच्याकडे प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य द्यावं लागतं, आणि ते वाक्य ‘आडव्या वाचना’तून जावं लागतं.

आडवं वाचन म्हणजे काय ते तुला ठाऊक नसणार. गुरुवारी दुपारी आम्ही लांब टेबलाशी बसतो. ज्याची नोंद असेल त्याने दाखला मोठ्याने वाचायचा, आणि समोरच्याने तो खोडायचा. खोडता आला तर दाखला बाद. ही पद्धत पडली पहिल्या खंडानंतर. तेव्हा कुणीतरी ‘निरुपद्रवी’ या शब्दाखाली ‘म्हातारी माणसं निरुपद्रवी असतात’ असं ठोकून दिलं होतं. छापून आल्यावर ज्येष्ठांच्या संघाने आमच्या दारात ठिय्या दिला, दोन दिवस कुणाला आत येऊ देईनात. तेव्हापासून खोडायला एक खास माणूस आहे. त्यांचं नाव कुणी घेत नाही, सगळे त्यांना ‘विरोधी पक्ष’ म्हणतात. सुकलेले, उंच, थर्मासमधला चहा कुणाला न देणारे. एरवी गरीब गाय, पण गुरुवारी अंगात येतं.

मी वाचलं, ‘संपूर्ण वस्तू तिच्या भागापेक्षा मोठी असते, हे स्वयंसिद्ध आहे.’ ते म्हणाले, आमच्या वडिलोपार्जित घरात पाव हिस्सा असलेला एक भाऊ आहे, तो अख्ख्या घरापेक्षा मोठा आहे. बाद. ‘दिवसा उजेड असतो.’ म्हणाले, आमच्या जिन्यात या. बाद. ‘एका वेळी माणूस एकाच ठिकाणी असतो.’ यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘देहाने’ असं घाला, मग बघू. तेही गेलं.

म्हणून म्हटलं तुला विचारावं. मास्तरांना सळो की पळो करणारी तूच होतीस.

जाता जाता एक. आमचं कार्यालय एप्रिलपासून दुसऱ्या गावी हलतंय. शेवटचा खंड तिथे व्हायचाय आणि थोरल्या साहेबांनी तो माझ्याकडे सोपवायचं ठरवलंय. मुख्य संपादक म्हणून. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, आता माझ्या नोंदी दुसरे तपासतील. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. मी अर्थातच नाही म्हणणार आहे. आप्पांचे डॉक्टर इथे आहेत, दर महिन्याला सुई आहे, त्यांना तिकडे नेता येणार नाही. म्हणजे प्रश्नच मिटला.

वाक्य पाठव.

ताई


१३ जानेवारी

बारके,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ लिहायची म्हणजे कमाल आहे. ‘आईनंतर आप्पांचं सगळं ताईच बघणार. घे तुझं वाक्य.’

मुद्दाम लिहिलंस की सहज, हे मला कळेना. कार्ड टेबलावर उलटं करून ठेवलं, सुलटं केलं, परत उलटं केलं. आप्पांनी विचारलं, कुणाचं पत्र? म्हटलं, विजेचं बिल. त्यांना दिसत नाही याचा मी असा फायदा घेते.

मग काय मनात आलं कोण जाणे, गुरुवारी मी तुझंच वाक्य वाचलं. फक्त ‘ताई’च्या जागी ‘थोरली मुलगी’ घातलं. ‘आईनंतर वडिलांचं सगळं थोरली मुलगीच बघणार, हे स्वयंसिद्ध आहे.’ विरोधी पक्षाने मान वर केली आणि विचारलं, “का?”

एवढंच. ना कोटी, ना जिन्याचा दाखला. मी एकेक कारण मनात लावून बघितलं, बारके. थोरली म्हणून? थोरलेपणाचा आणि इंजेक्शनच्या तारखांचा संबंध काय? लग्न केलं नाही म्हणून? मग मोकळी आहे ती, तिला कुठेही जाता येईल, असाही अर्थ निघतो की. तिला जमतं म्हणून? जमतं कारण करायला लागलं. विरोधी पक्षाने वाक्यावर काट मारली नाही, बाजूला पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या नोंदीकडे वळले.

आता आलंच आहे ओठांवर तर सांगून टाकते. आई गेली त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर आपण दोघी स्वयंपाकघरात होतो. तू कपबश्या पुसत होतीस, मी कपाटात ठेवत होते. शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, आता आप्पा कुणाकडे राहणार? आणि तू, पाठही न वळवता, हातातली बशी पुसत पुसत म्हणालीस, “ताईकडेच. ते काय विचारायचं.”

ते काय विचारायचं. माझ्यासमोर, मला न विचारता. मी ‘हो’ म्हणाले. काकू गेल्या. तुझी गाडी आली, तू गेलीस. मी उरलेल्या बश्या कपाटात इतक्या आपटल्या की एकीचा टवका उडाला. तेव्हापासून मी तुझ्याशी धड बोललेली नाही.

नीट वाच. आप्पांना ठेवून घ्यायचं नव्हतं म्हणून मी रागावले नाही. तू विचारलं असतंस तरी मी ‘माझ्याकडे’ असंच म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं. माझ्या तोंडून आलं असतं. तू ते भिंतीवरच्या खिळ्यासारखं गृहीत धरलंस, खिळ्याला कुणी विचारतं का, तुझ्यावर काय टांगू म्हणून?

तीन वर्षांत हे का बोलले नाही, असं म्हणशील. तुला आपणहून कळायला नको? मी वाट बघत होते तुला कळण्याची. इतकं उघड होतं ते.

दाखला अजून मिळालेला नाही. असल्या कार्डावर उत्तर लिहू नकोस, जागा पुरणार नाही.

ताई


२३ जानेवारी

बारके,

तुझं पत्र पानंच्या पानं आलं. पहिलं पान वाचून खाली ठेवलं, कपडे वाळत घातले, मग पुढचं वाचलं. एकदम वाचवलं नाही.

मी का बोलत नाही हे तुला आजपर्यंत कळलेलंच नव्हतं. ते वाचून मी कपाळावर हात मारला. तू काय काय समजून बसली होतीस. आईच्या दुखण्यात तू कमी आलीस म्हणून, जावईबापू डॉक्टरांशी वाद घालून बसले म्हणून, आईची शाल तू नेलीस म्हणून. शाल, बारके? ती शाल तुला टोचते हे ठाऊक असून तू ती तीन वर्षं पांघरतेस, का तर परत दिली तर भांडण वाढेल. मला हसू आलं आणि मग हसू आवरलं तरी डोळ्यांतलं पाणी आवरेना.

आणि त्या संध्याकाळचं तू लिहिलंस ते. काकूंपुढे तू तसं म्हणालीस कारण तुला वाटलं, मी आप्पांना कधी सोडणारच नाही; तू ‘माझ्याकडे येऊ देत’ म्हणालीस तर मी म्हणेन, आई जाऊन दिवस नाही झाला आणि ही वाटणी करायला बसली. म्हणून तू आधीच माघार घेतलीस. मी त्याला हात झटकणं समजले. हे तुझं मला पटलं. पटायला जड गेलं, पण पटलं.

पुढे तू लिहिलंयस, आप्पांना पाठव, तू त्या कामाला जा; पण एकच अडचण, आमच्या घरामागे बसचा डेपो आहे, पहाटेपासून गाड्या सुरू होतात, इंजिनं गुरगुरतात, हॉर्न, माणसांची आरडाओरड, आप्पांना तिथे घटकाभर चैन पडायचं नाही. मी वाचलं आणि मान डोलावली. बरोबरच आहे. म्हातारपणी शांतता हवी. मीच नाही का ते राहायला आल्यावर त्यांच्यासाठी माझं बाजारावरचं घर सोडून या गल्लीत आले? इथे दुपारी पान पडलं तरी ऐकू येतं. म्हणजे परत प्रश्न मिटला, असं मनाशी म्हटलं. खोटं कशाला सांगू, जरा सुटल्यासारखंही वाटलं. ते का, ते मला तेव्हा कळलं नाही.

पण माझ्या डोक्यात दाखल्याचा किडा. गुरुवारी मी वाचलं, ‘म्हातारपणी माणसाला शांतता हवी असते, हे स्वयंसिद्ध आहे.’ मला खात्री होती, हा टिकणार. विरोधी पक्षाने थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणाले, तुमच्या घरी एक म्हातारं माणूस आहे ना? विचारलंत त्यांना? मी म्हटलं, यात काय विचारायचं. ते म्हणाले, नाही, विचारा. आणि एक करा. विचारताना शेवटी ‘ना’ लावू नका. ‘बरं वाटतं ना’ म्हटलं की समोरच्याला ‘हो’च म्हणावं लागतं, उत्तर आपणच देऊन बसलेले असतो.

घरी गेले. आप्पा खुर्चीत होते, रेडिओ मांडीवर. उजवा पाय अधूनमधून जमिनीवर दाबत होते, ते अजून बसचा ब्रेक मारतात, तुला आठवत असेल. मी चपला काढल्या, समोर बसले आणि जीभ चावून चावून ‘ना’ गिळला.

“आप्पा, तुम्हाला या घरात कसं वाटतं?”

त्यांनी रेडिओ बंद केला. तोंड माझ्याकडे केलं, डोळे भलतीकडे.

“खरं सांगू? बहिरं झाल्यासारखं वाटतं,” ते म्हणाले. “डोळे गेलेच होते. तुझ्या या गल्लीने कानही नेले.”

मग ते बोलत राहिले. आयुष्यभर बस चालवली, इंजिन कानात असलं की आपण कुठे आहोत ते कळतं. बाजारावरच्या घरी निदान हातगाड्या होत्या, भाजीवाल्यांची भांडणं होती. कुणाचा आवाज बसलाय, कुणाचा माल संपत आला, सगळं गॅलरीतून समजायचं. इथे सकाळ झाली की दुपार झाली तेही तू सांगशील तेव्हा. रात्री झोप लागत नाही, कारण ऐकायला काही नसतं.

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, तुला दिवसभर ऑफिसात शब्दांची कटकट. घरी आल्यावर तुला शांतता लागते. तेवढ्यासाठी तू धडपडून हे घर शोधलंस. ते काय विचारायचं.

बारके, मला बाजारावरचं घर आवडायचं. ते सोडताना मी न्हाणीघरात जाऊन रडले होते. मी त्यांच्यासाठी इथे आले, ते माझ्यासाठी इथे राहिले, आणि आम्ही दोघं तीन वर्षं एकमेकांना शांतता भरवतोय. मी त्यांना तसं सांगितलं. आधी ते हसले, मग मीही हसले, पण तीन वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. त्यांच्या वयात तर नाहीतच.

आता तुला विचारते. नीट बघून घे, शेवटी ‘ना’ नाही. तुला आप्पा तुझ्याकडे हवेत का? मुलांच्या परीक्षा आहेत, तुझी नोकरी आहे, जावईबापूंना विचारायला हवं, हे सगळं मला समजतं. ‘नको’ म्हणालीस तर मी रागावणार नाही. रागावलेच तर या खेपेला कळवेन.

ताई


३१ जानेवारी

बारके,

तुझा ‘हवेत’ पोचला. ‘तीन वर्षं हवे होते’ हेही पोचलं. जावईबापूंनी मागची खोली रिकामी करायला घेतली आणि मुलांची तिथे कोण झोपणार म्हणून आधीच जुंपली, तेही वाचलं. आप्पांना मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

आता मी काय केलं ते सांगते, कारण हे तुला सांगितलं नाही तर कुणाला सांगणार. मला वाटलं होतं, ते आढेवेढे घेतील. म्हणतील, तुझं कसं होईल, मला तुझ्या हातचं खायची सवय, इंजेक्शनला तूच नेतेस. मी समजूत काढायची तयारीसुद्धा करून ठेवली होती. आणि त्यांनी विचारलं काय, तर, “खोली डेपोच्या बाजूला आहे की रस्त्याच्या?” डेपोच्या, म्हटलं. तर चेहरा असा उजळला, जसा लहानपणी आपला खिडकीची सीट मिळाल्यावर उजळायचा.

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला काढली. स्वच्छ भांडी. मला हवं होतं तेच झालं होतं आणि मला इतका राग आला की तीच पातेली मी दोनदोनदा घासली. आप्पांना माझ्याशिवाय जमणार नाही. हे मी कधी वाक्यात मांडलं नव्हतं, कधी टेबलावर वाचलं नव्हतं, पण माझं सगळं त्यावर उभं होतं. वाढदिवसाला कुणाकडे जायचं नाही, आप्पा आहेत. मैत्रिणींबरोबर चार दिवस बाहेर नाही, आप्पा आहेत. विरोधी पक्षाची गरजच पडली नाही. आप्पांनी एका प्रश्नात ते बाद केलं.

आणि ते गेलं तसं त्याच्यामागे काय दडलं होतं तेही दिसायला लागलं. मी परवा साहेबांकडे जाऊन सांगितलं, अजून ठरत नाहीये, दोन दिवस द्या. ते म्हणाले, आता काय अडलंय, धाकट्या बहिणीकडे सोय झाली म्हणालात. मी काहीबाही बोलले. डोळ्यांचा काही भरवसा नाही, असं म्हणाले. अडलं होतं हे, की मला भीती वाटते. अनोळखी गाव, टेबलाच्या टोकाची खुर्ची, माझी सही शेवटची. चुकलं तर माझं चुकलं. संध्याकाळी कुलूप उघडायचं आणि आत कुणी नाही. इतकी वर्षं ‘आप्पा आहेत’ म्हटलं की या सगळ्याकडे बघावंच लागत नव्हतं. म्हणूनच तू डेपोचं लिहिलंस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

काल जेवताना आप्पांनी विचारलं, उत्तर दिलंस का? मी म्हटलं, बघते. ते हातातला घास तसाच धरून म्हणाले, “तुला जायचंय का?”

‘ना’ नव्हता. त्यांना मी ते कधी सांगितलं नव्हतं, त्यांचं बोलणंच तसं. पण बारके, मी आठवून आठवून पाहिलं. शिकायचंय का, नोकरी करायचीय का, लग्न करायचंय का, आप्पांना सांभाळायचंय का, कुणी मला असं विचारल्याचं आठवेना. मी स्वतःलाही नाही. मी म्हटलं, “भीती वाटते.”

“ते नाही विचारलं,” आप्पा म्हणाले. “जायचंय का?”

“हो.”

म्हणाले, मग उद्या सांगून टाक, आणि जरा मीठ दे.

आज सकाळी सांगून आले. विरोधी पक्षही तिकडे येतायत. माझी प्रत्येक ओळ खोडायला मिळणार म्हणून खुशीत आहेत. आज त्यांनी मला थर्मासमधला चहा दिला. अगदी बेचव असतो, म्हणूनच बहुधा कुणाला देत नाहीत.

‘स्वयंसिद्ध’ची नोंदही लिहिली. पहिला अर्थ होता तोच. दुसरा मी नवा घातला, ‘(घरगुती वापर) ज्याबद्दल अद्याप कुणी विचारलेले नाही असे.’ साहेबांनी तो खोडला. समासात लिहिलंय, कोशात टोमणे नकोत. पहिल्या अर्थाखाली दाखला कोराच आहे. विरोधी पक्ष म्हणतात, राहू दे, काही नोंदी तशा जातात.

आप्पांच्या कपड्यांची, औषधांची सगळी माहिती वेगळ्या कागदावर देईन. रात्री दूध देताना साय काढ, त्यांना जिभेला लागली की चिडतात.

ताई


२८ मार्च

बारके,

तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही. खोक्यांच्या गराड्यात होते, आणि तू ‘आप्पा निघताना काय म्हणाले गं?’ विचारलंस, त्याचं उत्तर फोनवर देता आलं नसतं. आता सामान गाडीवर गेलं. घरात एक खुर्ची आणि मी.

तू लिहितेस की ते पहाटे उठून खिडकीशी बसतात, कुठल्या गाडीचा क्लच गेलाय ते जावईबापूंना सांगतात, आणि परवा डेपोतले दोघं ड्रायव्हर त्यांना भेटायला घरी आले. वाचून फार बरं वाटलं. ते तिथे रमलेत याबद्दल मला शंका नाही. मला शंका आहे ती वेगळीच.

ते जायच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. सहज म्हणाल्या, तुमचे वडील म्हणत होते, मी इथून हललो नाही तर ही पोरगी जायची नाही. त्यांच्या दृष्टीने ते कौतुक होतं. मी हसून ‘हो, असं म्हणतात ते’ म्हटलं आणि घरात येऊन दाराला टेकून उभी राहिले. खोली डेपोच्या बाजूला आहे का, हे त्यांनी विचारलं, ते डेपोसाठी, की माझी सुटका सोपी व्हावी म्हणून? उजळलेला चेहरा खरा, की मला दिसावा म्हणून उजळलेला? रात्री त्यांचं सामान भरताना बघितलं, ते पलंगाच्या कडेला बसून भिंतीवरून हात फिरवत होते. ज्या घरात बहिरं झाल्यासारखं वाटतं म्हणाले होते, त्याच घराची ती भिंत.

मी ठरवलं, विचारायचं. इतकं सगळं विचारून झालंय, एवढं ठेवायचं नाही. सकाळी जावईबापू गाडी घेऊन आले. आप्पा हट्टाने पुढे बसले. मी पट्टा लावून दिला, दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. वाक्य तयार होतं, ‘ना’शिवाय. आप्पांनी काच खाली केली. त्यांना कळलं होतं की मला काहीतरी विचारायचंय. ते तोंड माझ्याकडे वळवून थांबले. घाई केली नाही. जावईबापूंनी इंजिन सुरू करायला हात नेला, तर आप्पांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवून थांबवलं.

मी विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं. ते खोटं बोलत नाहीत, फक्त न विचारलेलं बोलत नाहीत. स्वतःसाठी जातोय म्हणाले असते तर मी सुटले असते. माझ्यासाठी म्हणाले असते तर मी गेलेच नसते. पण तिथे उभं असताना लक्षात आलं, उत्तर कुठलंही आलं तरी त्यांना माझं भलं हवंय हे मला समोर दिसत होतं. त्याला पुरावा मागायचा म्हणजे त्यांचा अपमान झाला असता आणि माझाही.

मी म्हटलं, “पाण्याची बाटली घेतलीत?”

“घेतली,” ते म्हणाले. मग मनगटावरचा हात काढून जावईबापूंना म्हणाले, “चल, पहिला गिअर, सावकाश.”

बारके, एवढं एकच मी विचारलं नाही. तूही त्यांना विचारू नकोस.

ताई